मॅडम आल्या की सगळ्यांचे उपवास

हरवलेल्या डब्यांची झाकणं शाळेत साठतात, तसे स्टाफरूममध्ये किस्से साठतात. टाकवतही नाहीत आणि कशावर बसतही नाहीत. आमच्या घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेतले माझ्याकडचे बहुतेक किस्से सोनावणे मॅडमचे, गणिताच्या. हल्ली ते आठवले की स्वस्थ बसवत नाही.

*

त्या रुजू झाल्या त्याच दिवशी नाईक मॅडमनी त्यांना विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" जात कोणी थेट विचारत नाही, गाव विचारतात.

"घाटकोपर."

"तसं नाही हो, त्याआधी?"

"त्याआधी आईच्या पोटात."

*

मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे टेबलाच्या मध्ये. सोनावणे मॅडमनी आपला ठेवला की एकेकाला उपवास आठवायचा. तो फक्त त्यांच्या डब्यापुरता असायचा. मी मालवणी माणूस, सुकटीची चटणी दिसल्यावर मला कसला उपवास? मी एकटाच त्यांच्या डब्यात हात घालायचो.

"सावंत सर," त्या एकदा म्हणाल्या, "मी आल्यापासून शाळेचं पुण्य फार वाढलंय."

*

हेडसर दरवर्षी त्यांनाच 'ड' तुकडी द्यायचे. "त्या मुलांची भाषा तुम्हाला बरोबर कळते."

"भाषा त्यांना येते सर. गणित येत नाही."

मॅडमच्या हाताखाली तेही यायला लागलं.

*

चौदा एप्रिलचं भाषणही त्यांच्याच गळ्यात. यंदा त्या म्हणाल्या, "मी एक ऑगस्टला लोकमान्यांवर बोलते. एप्रिल नाईक मॅडम घेतील."

नाईक मॅडम गडबडल्या. "मला काय माहिती त्यांच्याबद्दल?"

"वाचा ना. मी ऑगस्टसाठी वाचतेच आहे."

*

शेवटी मॅडमनी मुलुंडला बदली मागितली. ऐकून माझी झोपच उडाली. 'ड'च्या पोरांचं गणित परत खड्ड्यात जाणार, आणि डब्याला मी एकटा. शनिवारपर्यंत अर्ज मागे घेता येत होता. त्यांना थांबवायला हेडसरांनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत सत्कार ठेवला. पण आमच्याकडे शाल-श्रीफळ फक्त जाणाऱ्यालाच मिळतं. त्यामुळे सगळ्यांनी सवयीने निरोपाचीच भाषणं ठोकली. "जिथे जाल तिथे सुखी राहा," असं नाईक मॅडमही बोलून गेल्या. दारात 'ड'ची पोरं रडायला लागली.

हेडसर घाईघाईने म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊ नका. आम्ही तुम्हाला घरचंच मानतो. काय करू सांगा."

सोनावणे मॅडमनी शाल खुर्चीवर ठेवली, पिशवीतून डबा काढला आणि उघडून टेबलाच्या मध्ये ठेवला.

"जेवू या," त्या म्हणाल्या.

नाईक मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.