विहिरीवरचा नंबर

आपल्या सैन्यात जायचं म्हणून मी तीन वर्षं पारनेरच्या रस्त्यावर धावलो आणि दर वेळी छातीच्या मापात हुकलो. परक्या सैन्यानं मात्र माझी छाती मोजलीच नाही. गोदामात काम आहे म्हणून एजंटानं त्यांच्या देशात नेलं, न वाचता येणाऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, आणि पंधरा दिवस बंदूक शिकवून मला थेट खंदकात नेऊन टाकलं. ‘मी गोदामाचा माणूस आहे’ हे मी किती जणांना सांगितलं! माझं मोडकं इंग्रजीही तिथं कोणाला कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्यांनी आम्हाला धरलं. माझ्याबरोबरचे दोघं मेले होते. मी हात वर करून मोठ्यानं रडत होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

कैदेत भुकेची सवय होते, थंडीचीही होते. घरचे आपल्याला मेलेला समजत असतील, या विचाराची होत नाही. गावात माझा दहावा उरकला असेल का? आईच्या पोटात अन्न जात असेल का? मी जिवंत आहे एवढं तिला कळलं, की मग माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटायचं.

दोन महिन्यांनी एका अधिकाऱ्यानं माझ्यापुढं फोन धरला. दुभाषा म्हणाला, “घर. पाँच मिनट.”

फोन हातात घेतला, आकडे दाबायला बोट नेलं आणि तेव्हा लक्षात आलं. आईचा नंबर मला येत नव्हता. मोबाईलमध्ये ‘आई’ लिहिलेलं असायचं, त्यावर बोट ठेवलं की ती बोलायची. तो मोबाईल खंदकाच्या मातीत गेला होता. वडिलांनी कार्ड नवीन घेतलेलं, तो नंबरही नुसता साठवलेला. पाठ होता तो एकच नंबर, आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा.

मोटारीच्या स्टार्टरला मोबाईलचं कार्ड बसवलेलं आहे. लाईट आली की त्याला फोन लावायचा. एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. शाळेपासून ते काम माझं. तेव्हा माझ्याकडं फोन नव्हता, ज्याचा हाताला लागेल त्याच्यावरून लावायचो, म्हणून तोंडपाठ.

लावला. त्यातली बाई नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, “लाईट आहे. मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा.” इतक्या दिवसांनी मराठी कानावर पडली आणि मला हुंदका आवरेना. एक दाबलं. दोन दाबलं. परत एक, परत दोन. वडील कांद्यात असतील, बघतील, त्यांना कळेल. हा नंबर आमच्या दोघांशिवाय कोणाला माहीत होता?

अधिकारी बघत होता. घरी फोन लावतो म्हणणारा माणूस एक शब्द बोलत नाही, नुसते आकडे दाबतो! त्यानं फोन हिसकावला. पुढचे तीन दिवस एकच प्रश्न, कोणाला खुणा करत होतास? ‘वॉटर पंप’ म्हणालो की मार वाढायचा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. फोन परत मिळाला नाही.

आणखी सहा महिन्यांनी सुटलो. घरी आलो तेव्हा वडील नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आईनं आठ महिनं फोन कमरंचा सोडला न्हाई.” जेवताना मी कैदेतून मोटारीला लावलेल्या फोनचं सांगितलं आणि विचारलं, काही कळलं होतं का?

“दिवसाढवळ्या आपोआप चालू-बंद व्हाया लागली,” वडील म्हणाले. “म्हनलं, आता जळती. वायरच तोडली.”

“मी म्हनत हुते, त्योच हाय,” आई म्हणाली. “तर ह्ये म्हनले, येडी झाली का? पोरगं फोन करंल तर आईला करंल, मोटारीला कशाला करंल?” मग माझ्याकडं वळली. “खरंच, मला का न्हाई केला रं?”

जिनं आठ महिने फोन अंगावेगळा केला नाही, तिला तुझा नंबर पाठ नव्हता म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? म्हणालो, “आदी तुलाच लावला हुता, आई. लागला न्हाई.”

वाटलं, तिला बरं वाटेल.

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “तरीच,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी खालच्या रानात खुरपायला गेल्ते. तिथं रेंज न्हाई. मीच मेली गेले तिथं.” आणि तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

याला वर्ष झालं. खालच्या रानात ती पाय ठेवत नाही. कोणी पाहुणा आला, की न विचारता सांगते, पोरानं पहिला फोन मलाच केला हुता, मीच कमी पडले. मी शेजारी बसून ऐकतो. खरं सांगायचं रोज ठरवतो, आणि रोज कच खातो.