बेडकाचा पिकअप

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या कारखान्यात पांढरी धूळ बसते ना, तसे ते बसतात. सकाळी झाडून घ्यावं, दुपारी पुन्हा बोटाने रेघ ओढता येते. माझं लग्न होऊन जेमतेम पाच महिने झालेत आणि एकाच गाडीचे एवढे किस्से साचलेत की माहेरी फोन केला की आधी विचारतात, "बरी हायस ना गो?" आणि उत्तराची वाट न बघता, "आणि ती गाडी?"

कारखाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. जिते स्टेशनपासून आत, शेतांच्या कडेला. कारखान्यापासून डांबरी रस्ता अर्धा किलोमीटर, आणि मधली वाट मातीची. श्रावणात टेम्पो आत आला तर दसऱ्यालाच बाहेर निघेल, अशी. मोठ्या मूर्ती आजवर चार माणसं फळीवर घेऊन जायची. आता ती चार माणसं वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळ्या शिफ्टला असतात. त्यात बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, खांदा गेल्या वर्षी कामातून गेला. त्यांनी सांगून टाकलं होतं, "यंदा मोठी मूर्ती धड रस्त्याला लागली तर ठीक. नायतर पुढच्या वर्षापासून फुटाफुटाचे गणपती. हातात धरून नेता येतील असे."

फुटाफुटाचे गणपती काय, सगळेच करतात. बाबांचं नाव मोठ्या मूर्तींचं. पण ते घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

म्हणून संकेतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रोह्याजवळच्या एका रिसॉर्टकडून जुनी एटीव्ही आणली. चार जाड चाकं, बाईकसारखं हँडल, मागे सामान बांधायला लोखंडी जाळी. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बेडूक बसलाय." झालं. नाव पडलं.

बाबांनी एकच अट घातली. मागच्या जाळीवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवायची, रस्त्यापर्यंत न्यायची, परत आणायची. "भरलेली आली, तर देव देतो."

पहिल्या दिवशी कळशी अर्धी आली. संकेतने कळशीत पाहिलं, मग इंजिनाकडे पाहिलं आणि निदान केलं, "पिकअप नाही."

कळशी अर्धी येण्याचा आणि पिकअपचा संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय. काहीच नव्हता.

*

सुरुवात सायलेन्सरपासून झाली. पेणला राजूदादाचं गॅरेज आहे. संकेतचा शाळेपासूनचा मित्र. "फ्री फ्लो सायलेन्सर टाकला की इंजिन मोकळा श्वास घेतं," असं दोघांचं एकमत झालं. तो टाकला तर कार्बोरेटरमधला जेटही बदलावा लागतो, हे राजूदादाला माहीत होतं. पण जेट यायला आठवडा लागणार होता आणि संकेतला सुट्टी एकच दिवस होती. कंपनीत जाणाऱ्या माणसाचे छंद असे शिफ्टमध्ये बसवावे लागतात.

नव्या जेटशिवायच बेडूक निघाला. चालताना ठीक, पण ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट्! लवंगी नाही, सुतळी बॉम्बच.

त्या वेळी बाबा मूर्तीचे डोळे आखत होते. मी रंगाची वाटी धरून शेजारी. डोळे आखताना कारखान्यात कोणी शिंकतसुद्धा नाही. बाबांचा ब्रश भुवईवर आला आणि बाहेर फट्!

चाळीस वर्षांत हलला नव्हता तो हात हलला. एक भुवई सरळ कपाळात गेली. मला वाटलं, आता बाबा ओरडतील. ते शांतपणे म्हणाले,

"ह्यो गणपती संकेतलाच इचारतोय. काय चाललंय म्हणून."

भुवई पुसली नाही त्यांनी. मूर्ती तशीच फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पेणहून एक कुटुंब आलं, पन्नास मूर्ती बघितल्या आणि त्याच मूर्तीसमोर थांबलं. "ही घ्यायची. हिच्या चेहऱ्यावर काय भाव आहेत!"

त्या दिवसापासून बाबांनी संकेतशी बेडकाबद्दल बोलणं सोडलं. जे सांगायचं ते त्याच्यासमोर सासूबाईंना सांगायचे.

*

मग एअर फिल्टर. कंपनीचा डबा काढला आणि त्या जागी लाल रंगाचा, उघडा, भोंग्यासारखा फिल्टर बसवला. दिसायला सुंदर होता, हे मान्य. हवा खूप ओढायचा. फक्त आमच्याकडे हवा कमी आणि धूळ जास्त, एवढंच.

पाचव्या दिवशी इंजिन घशात काही अडकल्यासारखं खोकायला लागलं. राजूदादाने कार्बोरेटर उघडला. आतून करड्या रंगाची ओली पेस्ट निघाली. त्याने ती बोटावर घेतली, चोळली, माझ्याकडे बघून म्हणाला,

"वहिनी, शाडू हाय ना ही? अजून आठ दिवस थांबले असते तर आतच मूर्ती तयार झाली असती!"

जुना डबा परत बसला, आणि तोवर आलेला नवा जेटही. लाल फिल्टर टाकवेना, म्हणून संकेतने तो आमच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवला. लग्नात आलेल्या काचेच्या राधाकृष्णाच्या शेजारी.

*

आषाढात मोठा पिस्टन आला. कुरियरवाल्याने खोकं माझ्या हातात दिलं तेव्हा त्याचं वजन बघून मला क्षणभर वाटलं, बाई गं, मिक्सर असावा.

दोन रविवार इंजिन खोललेलं होतं. नट-बोल्ट पितळेच्या परातीत. ती परात माझ्या रुखवतातली. सासूबाई येता-जाता परातीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "भाकऱ्या कशात थापू गो? सायलेन्सरवर?"

पिस्टन बसला. इंजिन सुरू झालं. आवाज भारदस्त. आणि पिकअप? होता तेवढाच! अंगठ्याचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बेडूक आपला रमतगमत. संकेत गाडीवरून उतरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं. माणूस सुट्टीच्या दिवशी झोपतो, सिनेमाला जातो. हा बापाच्या खांद्याच्या जागी एक इंजिन बसवायला निघाला होता, आणि ते बसत नव्हतं.

ते बोलून दाखवायचं सोडून मी म्हटलं, "चहा ठेवू?"

*

"उद्या आपण फिरायला जाऊ," असं तो पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी म्हणाला, तेव्हा मी ठेवणीतली साडी काढली. लग्नानंतरची पहिली ट्रिप! ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं, रोह्याला चाललोय. ज्यांनी गाडी विकली त्या रिसॉर्टच्या मेकॅनिकला विचारायला. आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत डबा नसून कार्बोरेटर आहे.

समोरच्या मावशी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "पेट्रोलचा वास येतोय काय गो?"

"हो. कार्बोरेटर आहे."

"नवीन लगीन?"

"हो."

त्यांनी आपल्या पिशवीतून एक पेरू काढून माझ्या हातावर ठेवला.

निडी आलं. माझं माहेर. गाडी थांबली, सुटली. मी खिडकीतून आमच्या शेताचा बांध बघून घेतला. मांडीवर कार्बोरेटर.

रिसॉर्टचा मेकॅनिक वयस्कर होता. त्याने संकेतचं सगळं ऐकून घेतलं. सायलेन्सर, फिल्टर, जेट, पिस्टन. मग त्याने विचारलं, "आणि तो स्क्रू काढला काय?"

"कुठला स्क्रू?"

"अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरवरचा. पाहुण्यांची मुलं गाडी पळवतात म्हणून आम्ही तो पिळून ठेवलेला. अर्ध्याच्या पुढे ॲक्सिलरेटर जातच नाय."

मी पेरू अर्धा करून संकेतला दिला.

*

घरी येऊन स्क्रू सैल केला. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि तेही माझ्या आयब्रोच्या कात्रीच्या टोकाने.

आता अडलेलं सगळं एकदम सुटलं. मोठा पिस्टन, मोकळा सायलेन्सर, नवा जेट आणि पूर्ण दाबला जाणारा अंगठा. कळशीची परीक्षा पुन्हा ठरली. या वेळी पाणी सांडू नये म्हणून राजूदादा स्वतः मागच्या जाळीवर कळशी पोटाशी धरून बसला. बाबा, सासूबाई, मी आणि दोन कामगार बघायला.

संकेतने अंगठा दाबला. बेडकाची पुढची दोन्ही चाकं वर! एक क्षण ती गाडी देवाला हात जोडून उभी राहिल्यासारखी दिसली. मग धप्पकन खाली. राजूदादा होता तिथेच होता. कळशीही त्याच्या हातात होती. पाणी मात्र सगळं त्याच्या डोक्यावरून ओघळत होतं.

बाबा दोन पावलं पुढे गेले आणि काळजीने म्हणाले,

"राजू, साबण देऊ काय?"

*

गॅरेजमध्ये थांबलं की कोणी ना कोणी विचारतंच. "वहिनी, मॉडिफाय करणं वर्थ हाय काय?" मी संकेतकडे बघते. संकेत राजूदादाकडे बघतो. राजूदादा हात पुसत म्हणतो, "हे बघ, कंपनीतून येते तशी गाडी ठेवणाऱ्याला सुट्टी मिळते. मॉडिफाय करणाऱ्याला मित्र मिळतात."

मला वाटतं, उत्तर बरोबर आहे. फक्त त्यात बायका धरलेल्या नाहीत.

*

माझे वडील, आप्पा, वाल घेऊन निडीहून आले. भातशेतीत त्यांनी आयुष्यभर पॉवर टिलर हाकलाय. त्यांनी बेडकाभोवती एक फेरी मारली, एक चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. संकेत त्यांना पिस्टन समजावत होता आणि आप्पा "वा! वा!" म्हणत होते. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गो, चाकात हवा दगडासारखी भरलेय. चिखलात चाक मऊ पायजे. निम्मी सोडायला सांग त्याला."

"तुम्हीच सांगा ना."

"मी कसा सांगू? जावय हाय!"

आणि मी तरी कशी सांगणार? नवी सून. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांचं संकेतशी बेडकाबद्दल बोलणं बंद. ती हवा तिथेच अडकली.

पंधरा दिवसांनी संकेत मोबाइल नाचवत आत आला. "ऐक ना! एक परदेशी माणूस सांगतोय, चाकातली हवा कमी केली की ग्रिप डबल! इंजिनला हात पण नाही लावायचा! कोणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?"

मी म्हटलं, "खरंच की."

हवा सोडली. अंगठा अगदी हळू दाबायचं ठरलं. कळशी पाऊण भरलेली परत आली. आजवरचा रेकॉर्ड! संकेतने ती दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली. बाबांनी आत वाकून पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "पाव कळशी सांडली. एवढा देव सांडला तर मंडळाला काय सांगू?"

आमच्याकडे मूर्ती फुटली म्हणत नाहीत. दुखावली म्हणतात. त्या दिवशी मूर्ती जाळीवर चढलीच नाही, तरी एक जण दुखावला होता.

*

मग तो दिवस आला. रोह्याच्या मंडळाची मूर्ती, साडेतीन फुटी, शाडूची. बाबांनी दोन महिने खपून केलेली. यंदाची पहिली मोठी. टेम्पो सकाळीच डांबरी रस्त्यावर येऊन थांबला. फळीवाली चार माणसं आठला येणार होती. साडेनऊपर्यंत एकच आला. दोघांना कंपनीने डबल शिफ्ट लावली होती आणि चौथ्याची कंबर धरली होती. फळी तोलणं सवयीच्या खांद्यांचं काम, नवख्याच्या खांद्यावर देव देता येत नाही. पाऊस नुकताच थांबला होता, पण आभाळ भरलेलं. टेम्पोवाल्याचे फोनवर फोन. त्याला दुपारच्या आत दुसरीकडे जायचं होतं.

बाबा मूर्तीसमोर उभे होते. एक हात दुसऱ्या खांद्यावर. फुटाफुटाचे गणपती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. संकेत दारात, किल्ली हातात. त्याने विचारलं नाही. दोन महिन्यांत त्याने एवढं तरी शिकून घेतलं होतं.

बाबांनी वळून बेडकाकडे पाहिलं. मग त्या भुवईनंतर पहिल्यांदाच बेडकाबद्दल सरळ संकेतशी बोलले.

"चाकं बरी हायत हिची."

"हो बाबा."

"स्प्रिंगा पण बऱ्या हायत."

"हो."

"गाडी चांगली हाय रे. फक्त ते इंजिन चालू करू नको."

संकेतने किल्ली खिशात टाकली.

जाळीवर गादी घातली, तिच्यावर मूर्ती चढवली, चारी बाजूंनी चादरी कोंबल्या, दोरी आवळली. वर प्लास्टिक, चेहऱ्यावर रुमाल. आता हँडल कोण धरणार? "वजन कमी पायजे," बाबा म्हणाले. सगळ्यांनी एकमेकांची पोटं पाहिली. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चढ गो. तूच काय ती पापड हायस."

अशी मी पहिल्यांदा बेडकावर बसले. गियर न्यूट्रल, हात ब्रेकवर. मागे संकेत, फोन करताच धावून आलेला राजूदादा, फळीवाला आणि दोन्ही कामगार. बाबा बाजूने चालत, चांगला हात मूर्तीच्या पाठीला लावून. सासूबाई म्हणाल्या, "मोरया!" आणि आम्ही निघालो.

अर्धा किलोमीटरला पाऊण तास लागला. चाक रुतलं की सगळे थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा ढकलायचे. मऊ चाकं खड्ड्यात अलगद उतरायची, अलगद वर यायची. माझ्या पाठीला मूर्तीचा धक्कासुद्धा लागला नाही. एकदा मागे संकेतचा पाय घसरला, तो गुडघ्यावर आपटला आणि तसाच ओरडला, "थांबू नका!"

शेवटचा चढ चढून आम्ही रस्त्याला लागलो. टेम्पोवाला बोनेटला टेकून उभा होता. त्याला समोरून फक्त मी दिसत होते आणि माझ्या मागे प्लास्टिकमधला एवढा मोठा देव. ढकलणारे सगळे देवाच्या आड. तो सरळ उभा राहिला. आमच्याकडे बघत म्हणाला,

"आयला! आवाजच नाय! बॅटरीवाली हाय काय ओ?"

मूर्तीच्या मागून संकेत बाहेर आला. मांडीपर्यंत चिखल, कपाळावर चिखल, श्वास लागलेला. त्याने एक हात बेडकाच्या सीटवर ठेवला आणि म्हणाला,

"नाय. इंजिन मॉडिफाय केलंय."