वरचीवाडीची बाद फेरी

आमच्या थोरल्या साडूंइतका आशावादी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो कबड्डीत वरचीवाडीच्या बाजूचा नक्की नसणार. कारण दोघांना पुरेल एवढी आशा त्या संघाने कधी पिकवलीच नाही. जी काही थोडीफार उगवली, ती सगळी आमच्या साडूंनी एकट्याने खाल्ली आणि वर ढेकर देऊन "अजून संधी हाय" असं म्हटलं. माझी बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजी म्हणतो, माझी मुलंही भावोजी म्हणतात, आणि आमच्या दूधवाल्याचा तर हल्ली असा समज आहे की हे त्यांचं नावच आहे.

भावोजींचं गाव देवरूखच्या बाजूला, डोंगरात. गावाच्या दोन वाड्या. खालचीवाडी रस्त्यालगत; तिथे शाळा, दुकान, एसटीचा थांबा आणि तालुक्यात दबदबा असलेला कबड्डीचा संघ. वरचीवाडी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर; तिथे जांभा दगड, वारा आणि भावोजी. खालचीवाडी जिंकली की वाजंत्री वर ऐकू येते. वरचीवाडी जिंकली की काय होतं हे सांगणारी पिढी आता फारशी उरलेली नाही. भावोजींची नोकरी एसटीत कंडक्टरची. खालचीवाडीचा माणूस गाडीत चढला की ते तिकीट द्यायचे, सुटे पैसे द्यायचे, आणि जागा रिकामी असली तरी म्हणायचे, "तुमी उभे ऱ्हावा. बाद फेरीत दरसाल बसताव तेवढं पुरे." माणसं हसायची आणि बसायची. निवृत्त झाल्यावर भावोजींनी तिकिटांचं यंत्र परत केलं, पण 'पुढे सरका' म्हणायची सवय परत घेणारं खातं एसटीत नसावं. ती त्यांनी संघासाठी वापरायला घेतली. मैदानाच्या कडेला उभे राहून ते चढाईपटूला "पुढे सरक, पुढे सरक, मागं जागा नाय" असं अशा आवाजात सांगतात की एकदा म्हणे पंचच दोन पावलं पुढे सरकले होते.

कबड्डीचं आणि माझं नातं फार जुनं आणि फार थोडं आहे. शाळेत एकदा मला चढाईला पाठवलं होतं. मी मध्यरेषेपर्यंत गेलो, 'कबड्डी' हा शब्द दोनदा म्हटला आणि कुणी हात लावायच्या आधीच पडलो. एवढ्या भांडवलावर भावोजी मला जाणकार समजतात, कारण मी मधे बोलत नाही. आमच्या रत्नागिरीच्या घरी आले की चहा होईपर्यंत ते मला दिवाणखान्यात नवीन डाव दाखवतात. "तुमी फकस्त उभे ऱ्हावा, साडूभाऊ. तुमी चढाईला आलाव, मी उजवा कोपरा." मी उभा राहतो. पुढच्या क्षणी माझा घोटा त्यांच्या हातात असतो, मी सोफ्यावर असतो आणि टीपॉय स्वयंपाकघराच्या दारात असतो. "असा मारला तर कोण सुटंल?" ते विचारतात. मी कधीच सुटलेलो नाही. बायको आतून म्हणते, "भावोजी, त्यांना कंबरेचा त्रास आहे." त्यावर भावोजी, "म्हनूनच सापडले!"

पण त्यांचं खरं कौशल्य हिशेबात. मोसमात आठ संघांची साखळी असते, भात कापून झाल्यावर मोकळ्या मळ्यांत सामने होतात आणि पहिले चार संघ बाद फेरीत जातात. भावोजी ओटीवर काजूच्या बियांचे आठ ढीग मांडतात, एकेका संघाचा एकेक. सामना झाला की बिया वाढतात. कुणी कुणाला हरवलं तर वरचीवाडी वर येईल, याच्या त्यांच्याकडे इतक्या तऱ्हा असतात की त्या ऐकून वाटावं, संघाने स्वतः खेळायची काही गरजच नाही. गेल्या मोसमात ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, पाहुणे आले म्हणून घाईत एक ढीग उचलला आणि चुलीत भाजला. भावोजी बाहेरून येतात तो ओटीवर सातच संघ! "कुठला भाजलास?" ते उरलेले ढीग बोटाने मोजत होते. ताई म्हणाल्या, "मला काय ठावं? कडेचा." कडेचा म्हणजे लांज्याकडचा संघ, चौथ्या जागेवरचा, वरचीवाडीच्या अगदी पुढचा. भावोजींचा चेहरा उजळला. पाहुण्यांच्या बशीतले गर त्यांनी स्वतः आग्रहाने वाढले. "घ्या, लांजा घ्या. गोड लागतोय."

हसण्यावारी नेण्यासारखा तो मोसम मात्र नव्हता. वाडीतले निम्मे खेळाडू मुंबईत नोकरीला. सामन्यासाठी रातोरात गाडीने यायचे, झोप न झालेल्या डोळ्यांनी खेळायचे आणि संध्याकाळी परत जायचे. हे किती वर्षं ओढायचं? म्हणून दसऱ्याला देवळात वाडीची बैठक बसली आणि ठरलं, की यंदा बाद फेरी गाठली नाही तर संघ मोडायचा. गावात राहणारी चार पोरं चांगली होती. त्यांनी खालचीवाडीकडून खेळावं. भावोजी त्या बैठकीत एवढंच म्हणाले, "गाठू की." आणि कामाला लागले. पहाटे पोरांना सड्यावर पळवलं. मुंबईच्या पोरांना फोन करून करून त्यांच्या साहेबांचीही नावं पाठ केली. संघही जिद्दीला पेटला आणि शेवटच्या रविवारी खरोखरच वेळ अशी आली की संधी होती. म्हणजे माझ्यासारख्यालाही समजेल अशी होती. वरचीवाडीने सावर्ड्याच्या संघाला हरवायचं, आणि त्याआधी त्याच मैदानावर खालचीवाडीने लांज्याकडच्यांना हरवायचं. दोन्ही झालं की वरचीवाडी चौथी.

अडचण एवढीच, की खालचीवाडी आधीच बाद फेरीत पोचली होती. ती कशाला जीव तोडून खेळेल?

शनिवारी मी तिथे होतो. भावोजी मला घेऊन थेट देवळात गेले. दोन्ही वाड्यांची देवी एकच, गुरवही एकच. भावोजी नारळ पुढे ठेवून म्हणाले, "गुरवकाका, गाऱ्हाणं घाला. खालचीवाडीस जिंकव म्हनावं."

गुरवकाकांनी नारळ उचलला नाही. "वरसानुवरसं तुमी काय सांगताव? खालचीवाडीचे पाय बांध. आता सोड म्हनून कोनच्या तोंडानं सांगू? आईस वाटंल, ह्यो खुळावला."

"ऐतवारपुरते सोड म्हनावं," भावोजी म्हणाले. "सोमवारी परत बांधंल."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी गुरवकाकांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं. "बा देवी, म्हाराजा! तुझी खालचीवाडीची लेकरं उद्या मैदानात उतरतायत, त्यांच्या पायात बळ घाल..." प्रत्येक वाक्याला भावोजी इतक्या मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणत होते की मीही दुसऱ्या वाक्यापासून म्हणायला लागलो. देवळाबाहेर आल्यावर भावोजींनी रुमालाने डोळे पुसले. म्हणाले, "शत्रूसाठी मागायला लई जड जातं, साडूभाऊ."

रविवारी ते खालचीवाडीच्या माणसांत जाऊन उभे राहिले. त्या माणसांनी आधी डोळे चोळले. मग एकजण म्हणाला, "काय कंडक्टर, गाडी चुकली काय?" भावोजींनी छाती भरून घेतली आणि खालचीवाडीच्या पोरांना पुढे सरकवायला सुरुवात केली. मैदानात एकेकाचं नाव घेऊन, आईबापाचं नाव घेऊन, आजोबांनी कधीकाळी केलेल्या पकडीची आठवण देऊन! खालचीवाडीला आपल्या घरच्यांनी कधी एवढं ओरडून खेळवलं नसेल. सुस्तावलेली पोरं चेवात आली, लांज्याकडच्यांवर एकामागून एक दोन लोण चढले आणि खालचीवाडी सहज जिंकली. खालचीवाडीच्या लोकांनी भावोजींना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

मग वरचीवाडी मैदानात उतरली. भावोजी धावत आपल्या कडेला आले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि काहीच बाहेर आलं नाही. आवाज संपला होता. सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत, खालचीवाडीवर खर्च झाला होता. ते नुसते हातवारे करत होते. पोरांना त्या आवाजाशिवाय खेळायची सवय नव्हती. चढाईला जाणारा प्रत्येक जण एकदा कडेकडे वळून बघायचा. मी माझ्या परीने "पुढे सरक" म्हणून पाहिलं, पण ते बँकेतल्या रांगेत म्हटल्यासारखं वाटलं. पोरं तरी हटली नाहीत. शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरी होती. त्या चढाईत आमचा पोरगा मध्यरेषेपासून हातभर अंतरावर धरला गेला. एका गुणाने सामना गेला.

संध्याकाळी गावात परतलो तेव्हा देवळाच्या पायरीवर गुरवकाका भेटले. त्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आईनं आपला शब्द पाळला. पन वरचीवाडीच्या पोरांचं आपुन काल मागितलंच नाय." भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून एवढ्या वेळा "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, पण एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे संघ मोडला. बैठकीत कुणी वाद घातला नाही. जो घालू शकला असता, त्याचा घसा अजून बसलेला होता. यंदा ती चार पोरं खालचीवाडीकडून खेळतायत. मला वाटलं होतं, भावोजी आता मैदानाकडे फिरकणार नाहीत. ताईंनाही तीच काळजी होती. पण परवा त्यांचा फोन आला. मागे वाजंत्री ऐकू येत होती.

"जिंकली ना खालचीवाडी?" मी जपून विचारलं.

"ती जिंकली," ते म्हणाले. "पन तुमी ऐका तर. मी आपल्या चार पोरांचे गुण वेगळे धरतंव. ते चौघंच धरले, आनि समोरचे अख्खे सात धरले, तरी आपुन फकस्त तीन गुणांनी हरलो. चौघं असून! लई वाईट नाय, साडूभाऊ." मग म्हणाले, "म्होरला सामना ऐतवारी. या तुमी. आपल्या बाजूनं बघनारं दुसरं कोन नाय हितं."

मी रविवारची गाडी बघून ठेवली आहे.