ह्यांचे नऊ ठोके

आमच्या ह्यांचा जन्मच मुळी ठोकायला झालाय. भांडं दिसलं की चमचा मार, कपाट दिसलं की बोटं वाजव. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी घाबरून विचारलं होतं, "अहो, तुम्हाला काही होतंय का?" तर म्हणाले, "आपल्या ओट्याचा आवाज काय सुरेख आहे गं!" ओट्याचा! नव्या नवरीत कौतुक करण्यासारखं दुसरं काही दिसलं नाही या माणसाला.

नोकरीही तसलीच मिळाली. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं. पहाटे, रस्त्यावर गाड्या नसताना, लांब लोखंडी कांडी घेऊन निघायचे. कांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते ऐकायचं आणि तिथे खडूने फुली मारायची. खोदणारे मागून येत. ह्यांची फुली फारशी चुकली नाही, असं साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले, तेव्हा मला मेलीला रडूच फुटलं.

ह्यांचा तिघांचा जॅझचा ग्रुप बारा वर्षांचा. पियानोवर दातांची डॉक्टरीण, माणसाहून उंच डबल बासवर लंबू सुतार आणि ड्रम्सवर हे. दर रविवारी सकाळी लंबूच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात तालीम. इतर ठिकाणी ड्रमवाला मागे बसतो म्हणे. आमच्याकडे तो पुढे, मधोमध, कारण सगळ्या रचना ह्यांच्या. अर्धी रचना वहीत नीट लिहिलेली आणि मध्ये मध्ये पेन्सिलीने काढलेला रिकामा चौकोन. चौकोनात ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवायचं. चौकोन संपला की तिघांनी लिहिलेल्यावर परत यायचं. एवढंच ते शास्त्र.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण ह्यांच्या रचना मला तोंडपाठ आहेत, कारण एकूण एक आधी माझ्या ओट्यावर वाजलेली आहे. एका रविवारी मी चहाचा थर्मास घेऊन तालमीला गेले आणि दारातूनच बोलून गेले, "अहो, इथे नऊ ठोके ना? भलतंच काय वाजवताय?"

लंबू उगाच तारा पुसायला लागला. डॉक्टरीण मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

"वहिनी, सहा महिने झाले. त्यांना लिहिलेलं आठवत नाही. ते भरकटले की आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग जातो. ऐकणाऱ्यांना वाटतं, आत्ताच सुचलेलं वाजवतायत."

"सहा महिने! आणि घरच्या माणसाला पत्ता नाही?" मी तिला असं फैलावर घेतलं की शेजारच्या गाळ्यातली करवतसुद्धा बंद झाली. पण खरा राग माझा मलाच आला होता. त्या सहा महिन्यांत मी काय केलं? गॅस चालू राहिला, तोंडसुख घेतलं. किल्ल्या हरवल्या, वेंधळे म्हटलं. ह्यांनी भाचीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, तर मी चारचौघांत खो खो हसले.

दवाखान्यात नेलं. स्मृतिभ्रंश, आणि तो वाढत जाणार, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जिना उतरताना म्हणाले, "शनिवारचा कार्यक्रम मी करणार."

ग्रंथालयाचं सभागृह, दुपारी चारची वेळ, आणि ऐकायला पाणी खात्यातली सगळी जुनी मंडळी. मी म्हटलं, "अहो, लोकांसमोर शोभा होईल."

"माझीच होईल ना? होऊ दे."

दोन दिवस मी अबोला धरला. ह्यांना तो बहुधा कळलाही नाही.

शनिवारी मी पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसले. पहिल्या दोन रचना पार पडल्या. तिसरीत चौकोन आला, तिघंही मनसोक्त वाजवत सुटले, मग ते दोघं थांबले. आता ह्यांनी एकट्याने नऊ ठोके द्यायचे आणि सगळ्यांना परत आणायचं. ह्यांचे हात वर गेले, आणि वरच राहिले.

लोकांना वाटलं, असंच असेल. पण मी ह्यांचा चेहरा बघत होते. देवा, आज नको, एवढंच म्हणत होते. डॉक्टरणीने हळूच पियानोकडे हात नेला, तर ह्यांनी मानेनेच नको म्हटलं. काठ्या मांडीवर ठेवल्या.

"पुढचं मला आठवत नाही," हे म्हणाले. स्वच्छ, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. मग मला शोधून काढलं आणि घरात चष्मा कुठे आहे विचारतात ना, अगदी त्याच आवाजात म्हणाले, "काय गं, पुढे काय आहे?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी उठले. हाताशी काही नव्हतं, म्हणून स्टेजच्या लाकडी कडेवरच तळहात मारले. धुम् टक टक, धुम् टक, धुम् टक टक टक.

"परत," हे म्हणाले.

मी परत वाजवलं. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"कुणाचं आहे हे?"

"कुणाचं म्हणजे? तुमचंच!"

"माझं?" ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "छान आहे गं."

लंबूने बासच्या मागे तोंड लपवलं. मी डोळे पुसत खुर्चीकडे वळले, तेवढ्यात ह्यांनी काठ्या उचलल्या.

"बसू नकोस," म्हणाले. "अजून एक चौकोन आहे. परत लागशील."