दोघी एका पानावर

हिरा गेल्याचं मला तेराव्यानंतर तीन दिवसांनी कळलं. फोन तिच्या सुनेचा, मंगलाचा होता. आईंच्या डायरीत जुने नंबर सापडले, एकेकाला कळवतेय, असं ती म्हणाली आणि जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्ही आईंच्या कोण?" मी म्हटलं, शाळेतली मैत्रीण. तिला तेवढं पुरलं. फोन ठेवून मी तिथेच बसून राहिले. माझ्याकडे भेटायला कुणी येणार नव्हतं. माझं कुणी गेलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

वडील रेल्वेत मालबाबू होते. त्यांची बदली नंदुरबारला झाली तेव्हा मी नववीत होते. पन्नासच्या दशकाचा मधला काळ. हिरा तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, शिकायला काकांकडे राहिलेली. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या पुस्तकी मराठीला हसायची. गावातल्या वाचनालयातून तिचे काका कादंबऱ्या आणत. इतक्या हातांतून फिरलेली ती पुस्तकं, की बहुतेकांची शेवटची पानं गळून गेलेली असत. काकांना त्याचं काही वाटत नसे. हिराला मात्र झोप लागत नसे. मग एकदा तिनं वहीत स्वतःच शेवट लिहून काढला. पुढे शेवट शाबूत असलेल्या पुस्तकांनाही ती आपली प्रकरणं जोडू लागली... मेलेल्यांना उठवायची, रुसलेल्यांची गाठ घालून द्यायची. त्या वह्या भूगोलाच्या तासाला बाकाखालून फिरत. मुली फर्माईश करत, अमक्याला जिवंत कर, तमकीचं लग्न मोडून टाक. मिरचीच्या पथारीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या मैदानावरून, आम्ही घरी जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना लाल मिरची वाळत पडलेली असायची आणि ठसक्यानं डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही हिरा पुढचं प्रकरण सांगत चाललेली असायची.

आता मुलं हेच फोनवर करतात म्हणे. माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी सांगत होती. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि आपण पुढे लिहायचं. त्यात दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी ढिगानं असतात, पण दोन बायकांच्या शोधाव्या लागतात. "असं का असेल हो बाई?" तिनं विचारलं. मी चहा ओतत राहिले. हा प्रश्न मी हिराला विचारला होता, आणि तिनं उत्तरही दिलं होतं.

झालं असं की, हिरानं एका ऐतिहासिक कादंबरीतल्या दोन सरदार मित्रांवर लिहिलं होतं. एक दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो आणि मागे राहिलेला पुन्हा कधी पगडी बांधत नाही. सगळा वर्ग रडला. आमच्या शिवणाच्या बाईंनीसुद्धा ती वही मागून नेली आणि केवढी ही मैत्री, असं म्हणत परत केली. त्याच सुमाराला आम्ही दोघींनी एक घरगुती कादंबरी वाचली होती. नवरा लढाईवर गेलेला, मागे घरात त्याची बायको आणि त्याची विधवा बहीण. आठ प्रकरणं त्या दोघी एका घरात राहतात. मी हिराला म्हटलं, या दोघींचं लिही ना. ती म्हणाली, "त्या एकमेकीसंगे बोलतस कोठे? मंग मी काय लिखू?" मला खरं वाटेना. मी पुस्तक पुन्हा चाळलं. आठ प्रकरणांत त्या एकमेकींशी चार वेळा बोलल्या होत्या आणि चारही वेळा त्याच्याविषयी. त्याचं पत्र आलं का, त्याला काय आवडायचं. एकीला दुसरी कशी दिसते, हे लेखकानं कुठेच सांगितलं नव्हतं. त्या सरदारांना बोलायला निदान अख्खी लढाई दिली होती.

मी तरी हट्ट सोडला नाही. शेवटी स्टेशनजवळच्या लिंबाखाली थांबून तिनं दुसरं कारण सांगितलं. ते बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोन माणसेस्नं लिखं तर लोके दोस्ती म्हणतस. दोन बायास्नं लिखं तर पहिले मन्हाकडे देखतीन... मंग तुन्हाकडे."

तिचा हात माझ्या हातात होता, तो मी सोडला नाही इतकंच.

आणि तरी तिनं लिहिलं. मी मागितलं म्हणून लिहिलं. चार पानं होती ती. पाऊस नसलेल्या एका दुपारी नणंद भावजयीचे केस विंचरतेय आणि दोघी ठरवतात की आता पत्राची वाट बघायची नाही. एवढंच. मला आजही तोंडपाठ आहे ते. आम्हाला भीती होती की आरडाओरडा होईल, काकांपर्यंत जाईल. तसं काहीच झालं नाही. वही नेहमीसारखी फिरली आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली. कुणी रडलं नाही, कुणी रागावलं नाही. यात होतं काय, असं एकीनं विचारलं. आणि शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पुढे तो येतो का?'

दुसऱ्या आठवड्यात हिरानं पाचवं पान लिहिलं. त्यात तो आला. भावजय धावत दाराशी गेली आणि नणंद देवघरात. मुलींना फार आवडलं. मी मात्र हिराशी बोलणं टाकलं. मॅट्रिकचं वर्ष होतं, दिवस थोडे होते, आणि त्यातले दोन महिने मी असे घालवले. परीक्षा झाली आणि तिचं लग्न ठरलं. मांडवात मी तिच्या मागेच उभी होते. तिनं एकदा वळून पाहिलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.

ती विसरवाडीला गेली. मी पुढे शिकून नंदुरबारातच शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. का, ते विचारणारे हळूहळू थकले आणि मग एकेक करून गेलेही. साठच्या दशकात एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी एसटीनं तिच्याकडे गेले. नाक्यावर तिच्या नवऱ्याचं किराणाचं दुकान होतं, समोर ट्रक थांबलेले. नवरा भला माणूस. बाई आल्या म्हणून त्यानं स्वतः थंडगार पाणी आणून दिलं आणि मग आम्हाला बोलता यावं म्हणून मुलांना दुकानात घेऊन बसला. हिरा भाकरी थापत होती. लिहितेस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. वाचते, पण लिहीत नाही. तव्यावरची भाकरी उलटून तिनं हात परातीत तसाच ठेवला.

"मी त्याले परत आणाले नको व्हतं, नली."

मला म्हणायचं होतं की मी तरी बोलणं टाकायला नको होतं. पण तेवढ्यात धाकटी पोर रडत आत आली, आणि तिला कडेवर घेईतो ते राहून गेलं. नंतर आम्ही लग्नकार्यात चार-पाच वेळा भेटलो असू. दर वेळी भोवती माणसं होती. मी फोनवर तरी बोलायला हवं होतं...

मंगलाच्या फोननंतर मी विसरवाडीला जाऊन आले. पुस्तकांचं काय करावं, असा तिला प्रश्न पडला होता. हिराच्या खोलीत दोन कपाटं भरून कादंबऱ्या होत्या, साठ वर्षांच्या. मंगला म्हणाली, आई इतक्या जपून वाचायच्या, पण पानांचे कोपरे का दुमडायच्या कोण जाणे. मी एक पुस्तक उघडलं, मग दुसरं. बहुतेकांत एकही कोपरा दुमडलेला नव्हता. काहींत एखादा होता. आणि जिथे होता, तिथे दोन बायका होत्या. विहिरीवर एक दुसरीला विचारतेय, जेवलीस का. रेल्वेच्या डब्यात दोन अनोळखी बायका एकाच खिडकीतून बाहेर बघतायत. एवढंच. आजूबाजूला कुणी नाही आणि बोलणं कुणाविषयी नाही. मी तिच्या पलंगावर बसून अंधार पडेपर्यंत कोपरे शोधत राहिले. मंगलानं दोनदा चहा आणून ठेवला.

सगळी पुस्तकं वाचनालयाला द्यायचं ठरलं. मी एकही मागून घेतलं नाही. कोणत्या नात्यानं मागणार?

परवा माझ्याकडच्याच एका कादंबरीत दोघी जणी ओसरीवर गहू निवडत बसलेल्या सापडल्या. एक काहीतरी सांगते आणि दुसरी हसते. काय सांगते ते लेखकानं लिहिलेलं नाही. मी पानाचा कोपरा दुमडला. आणि मग ते दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.