दाजी चहाला आलं न्हाईत

अण्णा गेले. आता माझ्या नवऱ्याच्या चहाड्या मला कोण सांगणार?

आज सकाळी मोशीतल्या त्यांच्या टायरच्या दुकानाचं शटर वर गेलंच नाही. झोपेतच गेले म्हणे. कुणाला त्रास नको, असाच स्वभाव.

माझा नवरा ट्रेलर चालवतो. चाकणच्या कंपन्यांचा माल भरायचा आणि मुंबईकडे न्यायचा.

आम्ही लातूरकडचे, पोटासाठी इकडे आलेले. अण्णा मोशीचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आजूबाजूला जमिनी विकून लोकांनी बिल्डिंगी बांधल्या. अण्णा मात्र हायवेच्या कडेला हात काळे करत बसले. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय करू, सुनंचं डोकं खाऊ?"

त्यांच्याकडे चाक बदललं की एक अट असायची.

चाकणला जा, माल भर, आणि जाताना परत इथे ये. सगळे नट पुन्हा आवळून देणार. वर चहा फुकट.

आणि नाही आलात, तर फोन.

ड्रायव्हरला नाही. गाडीमालकालाही नाही. घरी.

"ताई, दाजी चहाला आलं न्हाईत."

पहिल्यांदा मी चक्रावलेच. म्हटलं, हा कोण भाऊ निघाला माझा, राखी तर कधी बांधली नाही! नंतर कळलं, मोशी-चाकणचे निम्मे ड्रायव्हर अण्णांचे दाजीच होते.

मग मी नवऱ्याला फोन लावायचे आणि बिनपाण्याची करायचे. तो वैतागायचा. "एक सासू लातूरला आहे, ही दुसरी मोशीत कुठून आली?"

एकदा मीच चिडून विचारलं, "अण्णा, सकाळी तुम्हीच आवळले ना नट? मग परत कशाला?"

"ताई, डब्यात काठोकाठ तांदूळ भरला आन् डबा हलवला, तर काय व्हतं?"

"खाली बसतो."

"चाकाचं बी तसंच हाय. वजन पडलं, गाडी पळली, की ते बसतं. मग नट ढिला व्हतो. आन् चाक निघालं, तर कुणाच्या अंगावर जायचं ते चाकाला ठावं असतं व्हय?"

"मग मालकाला करा की फोन. माझी भाजी करपते इकडे."

"मालकाला केला तर त्यो म्हंतो, येळंवर पोच. घरी केला तर म्हंत्यात, नीट पोच."

मी करपलेली भाजी उतरवली आणि नवऱ्याला फोन लावला.

आणि मग तो दिवस.

सकाळी अण्णांकडे मागचं चाक बदललं होतं. आता चाकणहून तळेगावला सरळ रस्ता आहे, तिथून पुढे हायवे. अण्णांकडे यायचं म्हणजे उलटा फेरा, त्यात मोशीचं ट्रॅफिक. साहेब गेले तळेगावला सरळ.

इकडे अण्णांचा फोन. "ताई, दाजी आलं न्हाईत. आज दूध नासलंय, काळाच चहा हाय. पर या म्हणावं."

मी नवऱ्याला लावला. तळेगावच्या पुढे जेवायला थांबला होता.

"अण्णांकडे गेला होतात?"

"हो, केव्हाच."

"नट आवळले?"

"आवळले गं बाई."

"चहा घेतला?"

"घेतला."

"कसा होता?"

"मस्त. घट्ट दुधाचा."

पुढे मी जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. सासरची मंडळी फेसबुकवर आहेत.

मुकाट्याने ताटावरून उठला, पाना घेऊन गाडीमागे गेला.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "ऐक ना," म्हणाला.

"अहो, बोला की."

"पाना लागलाच नाही. नट बोटांनीच फिरले."

पुढे घाट होता. भरलेली गाडी होती. मागे-पुढे कुणाकुणाची लेकरं असतील गाड्यांमधून.

तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली.

घाट उतरल्यावर तो पहिल्यांदा रडला फोनवर. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी ओरडले नाही. तेही पहिल्यांदाच म्हणा.

पुढच्या खेपेला अण्णांसमोर मान खाली घालून उभा राहिला. अण्णांना सगळं कळलं होतं, मीच सांगितलं होतं. आता हे झापणार, म्हणून हा वाट बघतोय.

अण्णांनी कप पुढे केला. "घ्या दाजी, गार व्हतोय."

एवढंच.

त्यानंतर तो चहा त्याने कधी चुकवला नाही. मला उलट चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अण्णांचा फोनच येईना. मग मीच करायचे, "अण्णा, आले का हो?" "हायेत की, बशीत वतून पित्यात."

आज अंत्यविधीला गेले होते. किती बायका आल्या होत्या! एकमेकींना ओळखत नव्हतो. पण शेजारी उभी होती तिला विचारलं, "तुम्हालाही फोन यायचा?" तिने पदर तोंडाला लावला.

नवरा या खेपेला जालन्याकडे होता. पोचणं शक्यच नव्हतं. सकाळी त्याला कळवलं तेव्हा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मला राग आला. म्हटलं, बरं काय, बरं?

घरी येऊन आंघोळ केली, तोवर फोन.

"सकाळी इकडे चाक बदललं होतं. आत्ता गाडी बाजूला घेतली. सगळे नट बघितले, आवळले."

"बरं केलंत."

"चहा पण घेतला."

मी विचारलं, "कसा होता?"

"काळा. टपरीवर दूध होतं. मीच नको म्हटलं."

सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितायत. मला एक निरोप तेवढा पोचवायचाय.

अण्णा, दाजी चहाला आले होते. तुम्ही निवांत झोपा.

तुमची ताई.