इंगळ्यांचा जर्मन

सुदाम इंगळे गेल्याच्या बातमीवर मी अंगठा पाठवला. फोनवर तो उभा पिवळा अंगठा असतो ना, छान-छान म्हणणारा, तो. बातमी आमच्या ग्रुपवर सुदामच्याच फोनवरून त्याच्या मुलीनं, सुजातानं पाठवली होती, आणि त्या फोनवरून रोज सकाळी जे येई त्यावर न वाचता अंगठा ठोकायची मला सवय. 'आज पहाटे बाबा गेले' याच्या खाली माझी पसंती दुपारपर्यंत झळकत राहिली... मग साखरखेर्ड्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "मास्तर, भांग घेतली काय हो?" तेव्हा कळलं.

रोज सकाळी यायचा तो सुदामचा जर्मन, तुकड्यातुकड्यानं लिहिलेला. सुदाम मेहकरला तार-ऑफिसात होता. कट्ट-कडकट्ट करत लोकांची जन्म-मरणं इकडून तिकडे पोचवायचा. त्या नोकरीत कुठल्याशा पुस्तकात त्याला एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन इंजिनिअर भेटला, आणि मग तो घरातच राहायला आला म्हणा ना. तोफखान्यातला अधिकारी, तारयंत्राच्या नादी लागलेला. तारेला झाडाच्या चिकाचं वेष्टण घालून ती जमिनीखालून नेणारा, लंडनहून कलकत्त्यापर्यंत तार ओढणारा. तारा बंद झाल्या, सुदामला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं, तसा हा जर्मन आणखीच फोफावला. त्याची कारकीर्द लोकांना सांगायची आणि ऐकणाऱ्यांतल्या एकानं तरी आपणहून प्रश्न विचारायचा, एवढंच सुदामला हवं होतं. याहून स्वस्त हौस मी पाहिलेली नाही, आणि तीही त्याची पुरी झाली नाही.

जानेफळच्या शाळेत त्याचं व्याख्यान मीच ठरवलं. ओळख करून देताना, आयुष्यभर मास्तरकी केलेल्या तोंडानं, जर्मनाचं सगळं कर्तृत्व मी सुदामच्याच नावावर जमा केलं : "लंडन ते कलकत्ता तार टाकणारे आपले इंगळेसाहेब!" पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. सुदाम घामाघूम. माझी चूक निस्तरण्यातच त्याचा तास गेला आणि घंटा झाली. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. मेहकर आलं तेव्हा म्हणाला, "एकानंबी काई इचारलं नाई बे."

शेवटचा भेटला तो दवाखान्यात.

"काऊन बे, वाचतं का मी पाठवतो ते?"

"अक्षर न् अक्षर."

"मंग सांग, जर्मनाले कैदेत काऊन टाकलं व्हतं?"

"चोरीबिरी केली असंल."

सुदाम हसला. खोकला येईपर्यंत हसला. "दोस्ताच्या द्वंद्वात त्याच्या बाजूनं उभा राह्यला व्हता बे तो. दोस्तापायी गेला आत." आणि त्यानं भिंतीकडे कूस वळवली.

सुदाम गेल्यानंतरचा जलदान विधी आटोपून घरी आलो आणि फोन वर सरकवत पहिल्यापासून वाचायला बसलो. कोठडीत जर्मनानं प्रयोगाचं सामान मागवलं, धातूवर सोन्याचा मुलामा चढवत बसला, आणि माफी मिळाली तेव्हा म्हणाला, प्रयोग अर्धवट आहे, थोडे दिवस अजून आत राहू द्या! पुढे त्याच्या जमिनीखालच्या तारा बिघडल्या, ठपका त्याच्यावर आला, सरकारी काम गेलं. प्रत्येक तुकड्याखाली माझा अंगठा. माफीला अंगठा, ठपक्यालाही अंगठा. वाचता वाचता मला प्रश्न पडले, खरेखुरे. ठपका आला त्या दिवशी तो घरी जाऊन कोणाशी काय बोलला असेल?... सुदामला हे नक्की ठाऊक असणार. नसतं, तर शोधायला महिना घालवला असता त्यानं, आनंदानं. तो होता तेव्हा माझ्याकडे प्रश्न नव्हता. याला काही उपाय नाही. मी पुष्कळ शोधला.

गेल्या आठवड्यात राहवेना, मेहकरला गेलो. ज्या खुर्चीत बसून तो लिहायचा तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्याची बायको, कमलवहिनी, खाली बसून तूर पाखडत होती. मीही खाली बसलो आणि सुरू झालो, "वहिनी, तो जर्मन कैदेत होता ना, तेव्हा..." तोफखाना झाला, मुलामा झाला. माफीपाशी आलो तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"मास्तर, तो जर्मन मले तोंडपाठ हाय. लग्न झालं तवापासून त्याच्यासंगंच नांदली मी. हे सांगणारा जित्ता व्हता तवा त्याच्यापुढं तोंड उघडलं नाई, आता माह्यापुढं काऊन बडबड करून राह्यले तुमी?"